काळ्यातच उडी

हसनाबादेत कुणाला पोरगं पोहायला शिकवायचं झालं, की ते बद्रीनाथआप्पांच्या विहिरीवर आणून सोडायचं. आप्पांची पद्धत साधी. पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. रडलं तर रडू दे. वर प्रत्येकाला एकच मंत्र: पायऱ्यांकडचं हिरवट पाणी उथळ, मधलं काळं दिसतं ते खोल, उडी मारायची ती काळ्यातच. या मंत्रावर आप्पांनी गावाच्या दोन पिढ्या तरंगवल्या. एकालाही कधी खरचटलं नाही, आणि त्याचा आप्पांना कोण तोरा!

नात चिन्मयीसुद्धा तिथंच शिकली. दहावीतली जालन्याची पोरगी, पण पाणी दिसलं की थांबायचं नाव नाही. पोळा झाल्यावरच्या एका रविवारी लेक मीना आणि जावई तिला घेऊन गावी आले आणि आप्पांना गाडीत घालून भोकरदनच्या पलीकडं डोंगरात धबधबा बघायला घेऊन गेले. गाडी खाली ठेवून ओढ्याच्या कडेनं चढायचं. वाटेत कातळात कोरलेले डोह, एकाच्या वर एक, आणि सगळ्यात वरच्यात धार कोसळते. चिन्मयी कसली थांबतेय! वरच्या डोहात पोहते म्हणाली आणि पुढं पळाली. आप्पांचे गुडघे कुरकुरत होते, आणि जावई तर दर वळणाला फोटो काढत थांबायचा.

पहिल्या डोहाशी आप्पा तोंड धुवायला वाकले. मधे काळंभोर पाणी. सहज म्हणून हातातली काठी त्यात घातली, तर हातभर बुडते न बुडते तोच खट्टकन दगडाला लागली. आप्पांनी जरा सरकून पुन्हा घातली. पुन्हा दगड. मग शेजारच्या हिरवट पाण्यात घातली, तर अख्खी काठी आत गेली तरी तळ लागेना. काळा होता तो खालचा शेवाळलेला कातळ.

पोरगी वर एकटी, आणि तिच्या डोक्यात त्यांचाच मंत्र! लेक-जावई मागं राहिलेले. त्यांना हाका मारत बसायला वेळ कुठला? धोतर खोचलं आणि निघाले. मेल्या गुडघ्यांनो, आज तरी चाला. घसरले, कोपर सोललं, पुन्हा उठले. धारेचा आवाज वाढत गेला तसे पाय आणखी उचलले.

वरच्या डोहाशी पोचले तेव्हा चिन्मयी समोरच्या कड्यावर उभी होती. खाली बरोबर मधल्या काळ्याकडं बघत होती. आप्पा जीव खाऊन ओरडले. उभा जन्म शेतात हाका मारण्यात गेलेला माणूस, पण त्या आवाजात त्यांची हाक त्यांनाच ऐकू आली नाही. हात हलवले, तर तिनंही हसून हात हलवला. आप्पा कौतुक करतायत असंच वाटलं असणार तिला.

मग आप्पा कपड्यांनिशी पाण्यात शिरले. हिरव्यात पाय टेकेनात, तसे पोहत काळ्यापाशी आले आणि तिथं सरळ उभे राहिले. पाणी कमरेलाही नव्हतं.

चिन्मयी बघतच राहिली. मग एक एक पाऊल मागं सरली आणि बाजूच्या वाटेनं उतरून आली. ओठ पांढरे पडले होते.

"आप्पा, काळ्यातच उडी मारायची, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"सांगितल्तं. ते आपल्या विहिरीपुरतंच खरं होतं, बाई. मला बी आत्ताच कळून राह्यलंय."

परतताना आप्पा ओल्या अंगानं गाडीत बसले होते आणि त्यांचं थरथरणं काही केल्या थांबेना. मीनाला वाटलं, थंडी भरली. पण आप्पांच्या डोळ्यांपुढं एकेक पोरगं येत होतं. कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, सुट्टीत कुठल्या कुठल्या डोहांवर जात असतील, कुणी आपल्या लेकरांनाही हेच शिकवत असेल. शेवटी त्यांनी मीनाकडून त्यांतल्या पहिल्याला फोन लावून घेतला.

"कल्याण, आप्पा बोलतोय. तुला पोहायचं शिकवल्तं न्हाई का, त्यातलं एक चुकीचं हाय. नीट ऐक."