आज ते कसे गेले, हे विचारायचं नाही

बाबा कसे गेले, हे मला तोंडपाठ आहे. आईला माझ्याहून जास्त. पहाटे छातीत जड वाटलं, पित्त असेल म्हणून सोडा घेतला, आंघोळ उरकली, रिक्षात बसताना घाम फुटला, आणि मग हॉस्पिटल. तेरा दिवस नाशिकच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता आवाज खाली आणायचा आणि विचारायचा, नेमकं झालं काय? आई पहिल्यापासून सांगायची. आधी रडत, मग न रडता. शेवटी शेवटी तर पुढचं वाक्य कुठलं येणार, ते मला आधीच कळायला लागलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या आयुष्यातली एक सकाळ तेवढी उरली. बाकी कुणी काही विचारलंच नाही.

मला त्याचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो. माझे बाबा हायस्कुलात पी.टी.चे सर होते. घसा असा, की शिट्टीची गरजच नसायची. म्युनिकला आमच्याकडे आले होते तेव्हा यू-बान मेट्रोच्या फलाटावर दंगा करणाऱ्या पोरांना त्यांनी मराठीत दम भरला होता, आणि ती पोरं खरंच गप्प झाली होती. अशा माणसाची गोष्ट सोड्यापासून सुरू होते म्हणजे काय?

पुढे आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे म्युनिकला आली. इथेही फोन येत राहिले. ती खिडकीशी उभी राहून, कुठल्याशा मामेसासूला किंवा जुन्या शेजारणीला, पुन्हा पहाटेपासून सांगत राहायची. त्यात बाबांचा वाढदिवस आला. मी जाहीर केलं, श्रीखंड-पुरी करणार.

बाबांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे काकांचा, लगेच फोन आला. अजून वर्ष झालेलं नाही, घरात गोडधोड करायचं नसतं. शिवाय गेलेल्या माणसाचा वाढदिवस नसतो, तिथी असते. जयंती करायची तर ती थोरामोठ्यांची. मी म्हटलं, तिथी तुम्ही करा, माझी ना नाही. वाढदिवस मी करणार. माझ्या बापाचं थोर व्हायचं राहून गेलं, म्हणून काय तो जन्मलाच नाही? काका म्हणाले, निदान आईला तरी विचार.

विचारलं. आई म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा, आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली. तेव्हा मात्र मी घाबरले. भाजी कशी चिरावी यावरसुद्धा जिचं ठाम मत असतं, त्या बाईला या बाबतीत काहीच म्हणायचं नव्हतं. बाबा गेले ते गेले. पण आईही त्या सकाळीत अडकून पडली होती, आणि तिला तिथून बाहेर काढायचं तर मला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

श्रीखंडाला मी इथलं क्वार्क आणलं. ते आयता चक्काच म्हणायचा. मागच्या खेपेला आईनं त्याला नावं ठेवली होती. यावेळी मी वेलची कुटताना ती शेजारी नुसती उभी राहिली.

दुपारी ऑफिसातली मैत्रीण आली, तिच्या सासू-सासऱ्यांना घेऊन. दोघं पुण्याहून पहिल्यांदाच जर्मनीत आलेले, आणि आईला भेटायचं राहिलं होतं म्हणून मुद्दाम एस-बान लोकलने आलेले. फिक्या रंगाचे कपडे, हातात केळी. टेबलावरच्या पुऱ्या बघून दोघंही गोंधळले. मी सांगितलं, आज बाबांचा वाढदिवस आहे, बसा. ते बसले. पण सवय कुठे जाते? सासरेबुवांनी आवाज खाली आणला.

"वहिनी, नेमकं झालं काय?"

आईने पदर सारखा केला. "पहाटे छातीत जड वाटायला लागलं..."

"आई, आज नाही," मी म्हटलं. "आज ते कसे गेले, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही."

सासूबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बोलू दे गं त्यांना. मन हलकं होतं."

"इतके महिने बोलतेच आहे. झालेलं नाही हलकं."

माझा आवाज चढला होता, हे मला कळत होतं. मैत्रीण "आल्झो... चला, पुऱ्या गार होतील" असं काहीतरी पुटपुटली. आई ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, पाहुण्यांसमोर मी तिचा अपमान केला आणि वर तिच्याजवळ उरलेलं एवढंसंही काढून घेतलं. तरी मी माघार घेतली नाही.

तेवढ्यात माझी मुलगी मध्येच बोलली. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनच. तिनं विचारलं, आजोबा कबड्डीत राज्याच्या संघाकडून खेळले होते ना? कॅप्टन होते ना? मी आईसाठी ते मराठीत सांगितलं.

आईने झटकन मान वर केली. "कोण म्हणालं कॅप्टन?"

"तेच सांगायचे तिला."

"राखीव खेळाडू होते! एकही दिवस मैदानात उतरले नाहीत. पाण्याची बादली भरायचे." आणि मग बांध फुटला. हा माणूस एक नंबरचा थापाड्या होता. नारळ खवायला हाक मारली की घोरायचं सोंग घ्यायचा. चारचौघांत दुसऱ्यांच्या बायकांच्या आमटीचं कौतुक करायचा. रिक्षावाल्याशी भांडण उकरून काढायचा आणि बायकोला उन्हात उभं ठेवायचा. सासरेबुवा आधी चपापले, मग हसायला लागले. गेलेल्या माणसाला असं बोलू नये, हे त्या खोलीत कुणीही म्हणालं नाही. आईचा चेहरा लाल झाला होता. बाबा घरात असताना व्हायचा तसाच.

बोलता बोलता तिनं श्रीखंडाचा एक चमचा घेतला, आंबट आहे म्हणाली, आणि दुसरा घेतला.

"फार छळलं मला त्यांनी," ती म्हणाली. "अजून छळायला हवं होतं."