आतून कडी होना?

आमच्या यांची बदली पुण्याहून हैदराबादला झाली आणि लेकीला मलकपेठेतल्या सरकारी शाळेत घातलं. रोज तिची पाण्याची बाटली भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. आधी तिलाच ओरडले. मग कळलं, शाळेत मुलींचं स्वच्छतागृह मोडकळीला आलेलं, म्हणून पोरी दिवसभर पाण्याचा घोटच घेत नाहीत. माझं डोकंच फिरलं! पालकसभेत इतकी तणतणले की मला गप्प करायला शाळेनं बांधकाम समितीवरच घेतलं. नव्या स्वच्छतागृहाच्या कंत्राटदारावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम.

कंत्राटदार साठीचे, पान खाणारे, भलतेच अदबशीर. मी त्यांच्याशी हिंदी बोलायचे, पण घाईत मराठी निसटायची. एकदा दारं बसवताना त्यांनी विचारलं, "मॅडम, अंदर से कडी होना?" म्हणजे आतून कडी हवी का. हा काय विचारायचा प्रश्न झाला? मी ठणकावलं, "नक्की!" ते जरा चमकले. मी आणखी जोरात, "एकदम नक्की!" मान हलवून ते निघून गेले. म्हटलं, बघा, कसा वचक बसवला!

काम झालं. मुख्याध्यापिकाबाई फीत आणि पेढे घेऊन हजर. मी म्हटलं, आधी मी आत जाऊन बघणार. गेले, दार लोटलं, कडीसाठी हात फिरवला. फिरवतेय, फिरवतेय, नुसती गुळगुळीत फळी! तेवढ्यात वाऱ्यानं दार सताड उघडलं आणि अख्ख्या समितीला मी दार चाचपताना दिसले.

"अहो, कड्या कुठायत?" मी कडाडले.

"आपइच तो नक्को बोले, मॅडम!" बिचारे कळवळून म्हणाले. "वो भी दो बार! मैं लाया था, कोठी बाजार की दुकान में वापस कर दिया. छोटी बच्च्यां अंदर फंस जाते बोलके नक्को बोले होंगे, समझा मैं."

नकोला इथे नक्को म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. समिती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मलाही हसू आवरेना. पण बाई म्हणाल्या, "कड्या मागाहून बसतील, आज सही करून उरकून टाका," आणि माझं हसू पळालं.

"उघड्या दाराच्या संडासात तुम्ही जाल का?" मी विचारलं. "मी सही करणार नाही. ती फीत दाराला बांधा हवी तर!"

पेढ्यांचा पुडा परत बांधला गेला. कंत्राटदारांनी मुकाट्यानं स्कूटर काढली आणि निघता निघता मागे वळून विचारलं, "तो मॅडम, कडी होना?"

मी तोंड उघडलं, जीभ चावली आणि इथल्याच बोलीत होकार ठोकला, "हौ! हौ!"

कड्या बसल्या त्या दिवशी लेक घरी आली. बाटली उचलली तर हलकी.

"सांडलंस ना गं सगळं?"

"नाही, प्यायले."

मी बाटली उलटी करून बघितली. "नक्की?"

"हौ, आई."