गायरानावरचं खत

चारा खात्याचा तो साहेब सायकलवर साकोलीहून यायचा. बोलता बोलता मधीच वाकायचा, एखादं पान उलटून पाहायचा, अन् बोलणं अर्धंच राहून जायचं. उन्हाळ्यात आमची गुरं बरगड्या घेऊन फिरत, ते त्याले पाहवत नसे. त्यानं आमच्या मुरमाड गायरानाले काट्याचं कुंपण केलं अन् स्टायलोचं बी फेकलं. तुरीच्या कुळातला चारा तो. वरून सुपर फॉस्फेट शिंपलं, तवा बाया हसल्या, "आमच्या धानाले खत नाही, अन् हा गवताले चारून राहिला!"

तो मले म्हणे, "मामाजी, एकडाव बी पिकून खाली पडू द्या. मग दरसाल आपोआप उगवंल."

बी पिकायच्या आधीच दिवाळीचं गायगोधन आलं. त्या दिवशी ओवाळलेल्या गाईले कुठंच अडवत नाही, ही आमची रीत. आम्ही कळप घेऊन कुंपणाच्या फाटकाशी गेलो, तर तो हात पसरून उभा.

"थोडे दिवस थांबा, मामाजी."

"सणाच्या दिवशी गाय उपाशी वापस नेऊ काय?" मी म्हटलं. आजही तेच म्हणीन.

फाटक त्यानंच उघडलं.

सांजेपर्यंत चारा बुडापासून साफ झाला. तो गुडघ्यांवर बसून खुरांखाली तुटलेले शेंडे रुमालात वेचत होता.

"साहेब, बी कच्चं हाये. हे उगवत नाही."

"मालूम हाये," तो म्हणाला, अन् वेचतच राहिला. माझा पाय तिथून निघेना.