फाउस्तिनाने उसवणं सोडलं

माझी नणंद फाउस्तिना आमच्या ओरुरो शहराच्या कार्निव्हलमधल्या सैतान-नर्तकांचे झगे जरीने भरायची. हात असा की झग्यावरचा नाग सळसळतोय असं वाटावं. पण काम वेळेवर कधीच नाही. त्या वर्षी त्यातला एक नर्तक, एलिओदोरो, अर्धवट झगा घालूनच नाचला. पाठीवरच्या नागाला शेपटीच नव्हती.

"शेपटी पुढच्या वर्षी का, मावशी?" कार्निव्हल संपल्यावर त्याने तिला भर रस्त्यात विचारलं. सगळे हसले. फाउस्तिना नाही हसली.

घरी मी म्हटलं, "वन्सं, रोज तासभर लवकर उठा."

"अजून किती लवकर उठू? कोंबड्याला मी उठवते! आता काहीतरी सोडायलाच हवं. काय, ते आधी बघू."

तिने सुई खाली ठेवली की दर वेळी मी वहीत कारण लिहायचं, असं आठवडाभर करायचं ठरलं. माझा संशय शेजारच्या कासिमिरावर होता. रोज दुपारी ती आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, घेऊन गप्पांना यायची. पण वही वेगळंच सांगत होती. गप्पा मारताना फाउस्तिनाचा हात उलट भरभर चालायचा. वेळ खात होतं ते उसवणं. काल भरलेले, चांगले टाके ती आज उसवायची.

"म्हणजे कासिमिरा राहणार," ती म्हणाली आणि उसवायचं पातं माझ्या हातात दिलं. "मागितलं तरी द्यायचं नाही."

तिसऱ्याच दिवशी फाउस्तिना पातं मागायला आली. "दे गं. नागाचा डोळा वाकडा झालाय."

"नाही."

"मी मोठी आहे तुझ्याहून!"

"असाल. पण पातं मिळणार नाही."

त्या दिवशी ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवायला बसली. दुसऱ्या सकाळी मात्र निमूटपणे पुढचा खवला भरायला बसली. नंतरही दोनदा तिची बोटं टाक्यांवर थबकली. तिने मूठ घट्ट आवळली आणि सुईत नवा दोरा ओवला. नर्तकांचा एक पथकप्रमुख पाचवा झगा भरायला घेऊन आला, तर त्यालाही तिने दारातूनच सांगितलं, "यंदा चारच."

कार्निव्हलच्या आठ दिवस आधी चारही झगे तयार होते.

मिरवणुकीच्या शनिवारी ती माझ्यासोबत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दरवर्षी त्या वेळी ती घरात मान मोडून शिवत असायची. बँड वाजत आले, सैतान उड्या मारत गेले. तिने माझा दंड धरला.

"इतकी वर्षं मी झगे भरले गं," ती म्हणाली, "पण ते नाचताना आज पहिल्यांदा बघतेय."