नागीण उगवतीकडे गेली

मेडशीच्या गोजराबाईला नागपंचमीची कहाणी सांगायला गावातल्या बाया मुद्दाम बोलावत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती बोलू लागली की बायांच्या हातातल्या लाह्या हातातच राहत.

कहाणी तशी सगळ्यांना माहीत. एक शेतकरी नांगर धरतो, फाळ वारुळात शिरतो आणि नागिणीची पिल्लं मरतात. नागीण परत येते. आधी पिल्लं बघते, मग फाळाला लागलेलं रक्त. ती शेतकऱ्याच्या घरी जाऊन एकेकाला डसते. उरते ती फक्त सासरी दिलेली लेक. नागीण तिचंही गाव गाठते. तिथे लेकीने पाटावर चंदनाचे नाग काढलेले असतात, दूध ठेवलेलं असतं आणि ती डोळे मिटून हात जोडून बसलेली असते. नागिणीचा राग उतरतो. ती अमृत देते, माहेरची मेलेली माणसं उठून बसतात. म्हणून त्या दिवशी जमीन उकरायची नाही, काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही.

पिल्लं मरतात तो भाग गोजराबाई घाईघाईने उरकायची. मानमोडीच्या साथीत तिची दोन लेकरं एका आठवड्यात गेली होती. मागे राहिली एकटी कस्तुरा. तिला नाल्यापलीकडच्या गावात दिली होती.

ही गोष्ट त्यानंतर सात-आठ वर्षांनी घडली. कस्तुराला पहिला मुलगा झाला होता. एरवी ती पंचमीला माहेरी यायची, पण त्या साली पाऊस थांबेना आणि लेकरू अंगावरचं, म्हणून सासूने पाठवलं नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी उघाड पडली. उद्या जमिनीला हात लावता येणार नाही आणि गवत तर कपाशीच्या पऱ्हाटीच्या वर चाललेलं. गोजराबाईचा नवरा उकंडराव सकाळीच तण काढायचा डवरा घेऊन शेतात गेला.

दुपार व्हायच्या आत तो परत आला. बैल होते, डवरा नव्हता. गोजराबाई ज्वारीच्या लाह्या फोडत होती. तो ओट्यावर बसला, पण पाणीसुद्धा मागितलं नाही.

"काय झालं?"

"बांधाच्या धुऱ्याजवळ डवऱ्याची पास भोकात घुसली," तो म्हणाला. "पिल्लं होती. बोटाएवढी. सारी कापली गेली."

गोजराबाईच्या हातातला झारा थांबला. "आन ते? त्याइची माय?"

"आली. फडा काढून उभी राह्यली, मायाकडं पाहून राह्यली. मले वाटलं, आता सरलं आपलं. मंग गेली."

"कोनीकडं?"

उकंडरावने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"कोनीकडं गेली, सांगा नं!"

"उगवतीकडं."

उगवतीला कस्तुराचं सासर होतं.

"अवो, ते कहानी हाय," उकंडराव म्हणाला. "असं कायी होत नाई."

"मंग डवरा शेतातच काहून टाकून आले?"

तिने चूल विझवली आणि पदर खोचला. तोही उठू लागला तेव्हा तिने त्याला खाटेवर बसवलं. "तुमी घर सोडू नोका. पाय खाली सोडू नोका. मी पोरीकडं जातो."

पायवाटेवर दोन्ही बाजूंनी गवत माजलं होतं. रोजची वाट, पण आज तिच्यावर पाय टाकवत नव्हता. बाभळीचं मूळ दिसलं की ती थबकायची, कुणाच्या तरी बैलाचं तुटलेलं दावं दिसलं तेव्हा तर ती दोन पावलं मागे सरली. सळसळ झाली की वाटायचं, नागीण आपल्या बरोबरीने चालली आहे. सळसळ थांबली की वाटायचं, ती पुढे निघून गेली.

नाल्याला गढूळ पाणी होतं. काठावर तांड्यातला लालसिंग गुरं घेऊन उभा होता. "बाई, मांडीपावतर पानी हाय. दम धर, उतरंन."

"मले दम नाई रे बापा. पोरीच्या घरी नागीन चालली."

लालसिंग हसला नाही. त्याने काठीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि तिला पलीकडे नेऊन सोडलं. "साप कोनाच्या सासरचा रस्ता इचारत नाई, बाई," एवढं मात्र तो म्हणाला. तिला ते ऐकूच गेलं नाही.

कस्तुराच्या घराचं दार लोटलेलं होतं. सासू आणि जावई शेतात असणार. पण आतून जात्याचा, भांड्याचा, लेकराचा, कसलाच आवाज नव्हता. कहाणीतलं घर असंच असतं, माणसं पडल्यावर. गोजराबाईला हाक मारायचा धीर होईना. तिने दार ढकललं.

कस्तुरा भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे उघडे, तोंड पांढरंफटक. आढ्याला बांधलेल्या झोळीत लेकरू झोपलेलं. झोळी जमिनीपासून हातभरच वर. आणि तिच्या खाली, कणगीला लागून, फडा उभारलेला.

"माय," कस्तुराचे नुसते ओठ हलले. "हलू नोको."

दाराशेजारी कुऱ्हाड होती. गोजराबाईचा हात तिकडे गेलासुद्धा, पण बोटं मिटेनात. ती उंबऱ्यातच खाली बसली. हात जोडायचे असतात, हे ठाऊक होतं. स्तोत्र काही आठवेना. जे आलं ते बोलत गेली, शेजारणीशी बोलावं तसं.

"बाई, तुयी लेकरं आमच्या हातानं गेली. सारी गेली. मायी बी दोन गेली, मले मालूम हाय कसं होते ते. दूध उतरून राह्यते आन पेयाले कोनी नसते. तुले राग धरायचा तं मायावर धर. हे लेकरू रायू दे."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बोलता बोलता हे आपण कुणासाठी रडतो आहोत तेच तिला कळेना.

फडा तसाच उभा होता. झोळीत लेकराने पाय झाडला. झोळी हलली, कस्तुराने डोळे मिटून घेतले. मग नागीण खाली झाली, कणगीच्या मागून भिंतीच्या कडेने सरकली आणि न्हाणीच्या मोरीतून बाहेर गेली. कस्तुराने लेकराला झोळीतून हिसकावलं आणि हंबरडा फोडला.

गावकऱ्यांनी नंतर सांगितलं, कणगीत उंदीर झालेत, पावसाळ्यात साप घरात येतोच. मेडशीच्या धुऱ्यावरची नागीण एवढ्यात नाला ओलांडून इथे येईल कशी? गोजराबाईनेही कधी ती तीच होती असं म्हटलं नाही. ती नव्हती, असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी नाला उतरल्यावर उकंडराव बायकोला न्यायला आला, तेव्हा तिने आधी त्याची पावलं तपासली.

पुढे ती दोघं बरीच वर्षं जगली. उकंडरावने धुऱ्याजवळचा तो तुकडा पुन्हा कधी डवरला नाही. लोक म्हणत, चांगली काळी जमीन वाया घालवून राह्यला. गोजराबाईची भीती मात्र गेली नाही. श्रावणभर ती उखळीमागे हात घालण्याआधी काठी आपटायची, आणि नातू सासुरवाडीला जाण्याएवढा झाला तरी तो झोपल्यावर त्याच्या खाटेखाली वाकून बघायची.

कहाणी ती सांगतच राहिली. पण पिल्लं मरतात तिथे आता थांबायची. नागीण परत येते, एकेका पिल्लाला तोंड लावून बघते, हे सावकाश सांगायची. बायांना ते नकोसं व्हायचं. एकदा तिची पुतणसून धनीबाई न राहवून म्हणाली, "मामीजी, लवकर अमृतावर या नं. सारे उठून बसतात तथी."

"सारे नाई उठत, बाई," गोजराबाई म्हणाली. "शेतकऱ्याची मानसं उठतात. नागिनीची लेकरं नाई उठत. तरी ते अमृत देऊन जाते. म्हून हात जोडाचे."