माझ्या मापाचा सदरा

आमच्या बोर्डिंगात कुणाचं माप घेत नसत. दिवाळीच्या आधी कापडाचा तागा यायचा आणि सगळ्या पोरांचे सदरे अंदाजानं, चांगले वीतभर मोठे शिवले जायचे. "वाढत्या अंगाची पोरं, राहू द्या ढगळ," असं गुरुजी म्हणत. त्यांचंही चूक नव्हतं. पण अंग वाढेपर्यंत तो सदरा विरून जायचा आणि पुढचा त्याहून ढगळ यायचा.

तळेघरच्या बाजूला पटकीची साथ आली तेव्हा माझे आईवडील पाठोपाठ गेले. चुलत्यानं मला जुन्नरच्या या बोर्डिंगात आणून सोडलं. सातवी झाली की बोर्डिंग सुटणार आणि मी चुलत्याच्या गुरांमागे जाणार, हे ठरलेलंच होतं. मला ते नको होतं. गुरं वाईट म्हणून नव्हे, पण तिथे जन्मभर मी कुणाच्या तरी दयेचं जेवलो असतो. गुरुजींनी ते ओळखलं आणि शाळा सुटल्यावर ते मला बाजारपेठेतल्या एका मुसलमान शिंप्याकडे धाडायला लागले. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. पोरगा कापड कापायला शिकला तर दुकानात ठेवून घेईन, एवढंच चाचांनी कबूल केलं.

कात्रीला मात्र हात लावू देईनात. काजं, बटणं, तुरपाई आणि कोळशाची इस्त्री, यातच वर्ष गेलं. सातवीची परीक्षा झाली तेव्हा कुठे त्यांनी आळे गावच्या एका शेतकऱ्याच्या सदऱ्याचं कापड माझ्या पुढ्यात टाकलं. "माप खडूनं लिवलंय. काप."

बाजारच्या दिवशी तो शेतकरी सदरा घालून बघायला आला. नेमका त्याच दिवशी चुलताही मला न्यायला आला. सोबत एक काठी आणि घोंगडी होती, माझ्यासाठीच आणलेली. मिशा पांढऱ्या झालेल्या त्या शेतकऱ्यानं सदरा चढवला आणि हात पसरले.

"चाचा, ह्यात माजा भाऊ बी मावंल की."

दुकानातली माणसं हसली. चुलता हसला नाही. "न्हाई जमायचं ह्याला. चल पोरा," म्हणत तो उठला.

चाचांनी विचारलं, "माप तर बरोबर व्हतं. मग वाढवलं का?"

"माणूस वाढंल म्हणून," मी म्हणालो.

पुन्हा हशा झाला. चाचा माझ्या दुमडलेल्या बाह्यांकडे बघत राहिले. "तुजं माप कदी कुणी घेतलंय?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि मला उभं केलं. खांदा, छाती, हात, मनगट. प्रत्येक आकडा ते मोठ्यानं म्हणत होते, एखाद्या इनामदाराचा अंगरखा शिवायचा असावा तसे. आई गेल्यापासून इतक्या जवळून मला कुणी हात लावला नव्हता. मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही.

मग त्यांनी कापड अंथरलं आणि कात्री माझ्या हातात दिली. "आता सोताचा काप. बोटभर बी जास्ती नको." आणि चुलत्याला म्हणाले, "पावणं, बसा जरा. जास्ती झालेलं आत घेता येतं. तोकडं कापलं असतं, तर मीच ह्याला तुमच्यासंगं धाडला असता."

मी कापला. चाचांनी लगेच कच्ची टीप घालून तो माझ्या अंगावर चढवला. खांद्याची शिवण खांद्यावरच बसली. चुलत्यानं ती बोटांनी चाचपली. जाताना काठी घेऊन गेला, घोंगडी मला ठेवली.

पुढे घोडेगावात माझं स्वतःचं दुकान झालं. त्या वर्षी बोर्डिंगचा दिवाळीचा तागा मी मागून घेतला आणि टेप घेऊन स्वतः गेलो. "एवढा खटाटोप कशाला?" असं गुरुजी म्हणाले, तरी पोरं रांगेत उभी केली. माप देऊन झालेलं एक बारकं पोर गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभं राहिलं. त्याची पाळी आली तेव्हा मी त्याला ओळखलं. तरीही पुन्हा खांद्यापासून त्याचं माप घेतलं.