धोक्याची ओळ दुसऱ्या पानावर

आमच्या कंपनीतल्या इंजिनिअर मंडळींना पार्टमधली केसाएवढी चूक लांबून दिसते, पण वर्डमध्ये मथळा मध्यभागी आणायचा म्हटलं की बसले स्पेसबार बडवत. नवीन पान हवं असेल तर एंटर, एंटर, एंटर. मग वरची एखादी ओळ खोडली की खालचं सगळं घसरतं आणि मला फोन येतो, "मॅडम, तुमची फाइल करप्ट झालीये." डोंबल करप्ट झालीये!

महाळुंग्यातल्या या कारखान्यात मशीनवर लावायच्या सूचना तयार करणं हे माझं काम. आमच्याकडची पद्धत अशी, की प्रत्येक मशीनशेजारी हुकाला एकच लॅमिनेट केलेलं पान टांगायचं. नवीन माणूस ते वाचतो आणि कामाला लागतो. त्यामुळे जे काही सांगायचं ते त्या एका पानात बसवायचं. मी वर्डमध्ये माझ्या स्टाइल, म्हणजे अक्षरांचे आकार आणि ओळींमधली अंतरं, बसवून ठेवल्या होत्या. पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस मशीनच्या पानावर सगळ्यात वर, लाल, ठळक अक्षरात ओळ होती: 'अडकलेला पार्ट काढण्याआधी मशीन बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा.'

चावी खिशात का, तर तुमचा हात आत असताना दुसऱ्या कुणी येऊन मशीन सुरू करू नये म्हणून. एवढं साधं आहे.

मग नवे साहेब आले. येताना हेड ऑफिसचं टेम्प्लेट घेऊन आले. निळसर मथळे, प्रत्येक परिच्छेदाखाली ऐसपैस मोकळी जागा, आणि वर लोगो केवढा, तर पाव पान त्याचंच. आधी उद्देश, मग व्याप्ती, मग जबाबदारी, आणि सुरक्षा सगळ्यात शेवटी. ज्याने कुणी ते बनवलं त्याने इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलं होतं. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार, जागा जास्तच लागते. मी मजकूर ओतला आणि झालं! धोक्याची ओळ घसरून दुसऱ्या पानावर. तिथे ती एकटीच.

"साहेब, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. "मूळ स्टाइलमध्ये ओळींमधलं अंतर कमी करते, लोगो थोडा लहान करते."

"लोगोला हात लावायचा नाही. आणि स्टाइलला पासवर्ड आहे. कॉर्पोरेटचं टेम्प्लेट आहे, मॅडम. ऑडिट तोंडावर आलंय."

म्हणजे लोगोला हात लागता कामा नये, मशीनमध्ये गेला तर गेला! हे मी मनात म्हटलं नाही, तोंडावर म्हटलं. साहेब हसले. माणूस हसण्यावारी नेतो ना, तेव्हा माझं डोकं जास्त फिरतं.

पहिलं पान लॅमिनेट होऊन हुकाला लागलं. दुसरं फाइलमध्ये गेलं.

त्याच आठवड्यात प्रेसवर लातूरकडची एक बाई रुजू झाली. माझ्याच बसने यायची. मी पिंपळे सौदागरला चढायचे तेव्हा माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली असायची. एका दुपारी पार्ट अडकला. तिने मशीन बंद केलं, आत हात घातला. चावी जागेवरच होती. शेजारच्या लाइनवरून एकजण आला, त्याला वाटलं मशीन उगाच बंद पडलंय, त्याने चावी फिरवून बटण दाबलं. कुणीतरी ओरडलं म्हणून तिने हात ओढला. हातमोजा आत राहिला. बाहेर काढला तेव्हा पापडासारखा सपाट झालेला.

साहेब तो हातमोजा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ह्या बाईला वाचता येत नाही का?"

मी त्यांना प्रेसपाशी नेलं. म्हटलं, वाचा. मोठ्याने. त्यांनी वाचलं. उद्देश वाचला, व्याप्ती वाचली, जबाबदारी वाचली. शेवटी तळाशी आले: 'पान २ पैकी १'. पान उलटून मागे पाहिलं. मागे कोरं. ती बाई शेजारीच उभी होती, एका हाताने दुसरा हात घट्ट धरून. "मी वाचलं हो सर, समदं वाचलं," ती म्हणाली.

साहेबांनी पान पुन्हा हुकाला अडकवलं. मला वाटलं, आता तरी पासवर्ड मागवतील. संध्याकाळी आदेश आला: दुसरं पानही लॅमिनेट करून लावा.

लावलं. त्याच हुकाला, पहिल्याच्या मागे.

आता रोज सकाळी बसमधून उतरले की मी आधी प्रेसवर जाते आणि मागचं पान पुढे घेते. वर पाव पान लोगो, खाली ती एक ओळ, बाकी सगळं कोरं. ती बाई मला बघून चावी काढते आणि खिशावर थापटी मारून दाखवते. नंतर साहेब राउंडला येतात, पानं पुन्हा क्रमाने लावतात आणि पुढे जातात. ऑडिटमध्ये आमच्या एकसारख्या फॉरमॅटचं फार कौतुक झालं म्हणे.